भीतीचा वाटा

मोनाली पुकळेला लोकर कळत होती, यंत्र कळत होतं, धंद्याचं गणितही कळत होतं. फक्त समोर गिऱ्हाईक बसलं की तिचा आवाज जायचा.

त्या दिवशी आटपाडीच्या उद्योजक प्रशिक्षण केंद्रात सौदा करण्याचा सराव होता. टेबलापलीकडे नाईक सर खरेदी अधिकारी होऊन बसले होते. एरवी ते धंद्याचे व्यवहार शिकवायचे. माणूस मवाळ, पण सरावाच्या वेळी चेहरा असा दगडासारखा करायचे की समोरच्याला घाम फुटावा. मोनालीनं आपलं पॅनेल टेबलावर ठेवलं. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर धुऊन, पिंजून, कसर लागू नये म्हणून टाकणखाराच्या पाण्यातून काढून तिनं लाकडी चौकटीत दाबून शिवली होती. घोंगड्यांना आता गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. माणदेशातले मेंढपाळ कातरलेली लोकर ओढ्याकाठी टाकून देत होते. दुसरीकडे उन्हाळा फेब्रुवारीतच सुरू होत होता आणि पत्र्याच्या शाळा सकाळी दहालाच सोडाव्या लागत होत्या. ही दोन टोकं मोनालीनं जुळवली होती. पत्र्याखाली तिचं पॅनेल लावलं की भर दुपारीही वर्गात बसवत होतं.

"माल बरा आहे," नाईक सर म्हणाले. "दर काय?"

दर तिला तोंडपाठ होता. पण कानाच्या पाळ्या तापल्या, घशाला कोरड पडली आणि तोंडातून निघालं, "तुम्हीच ठरवा ना, सर."

वर्गात कुणी हसलं नाही. हसणार कोण? तिथं बसलेला प्रत्येक जण आपल्या घरातला धंदा करणारा पहिलाच होता, आणि प्रत्येकाचा आवाज अशाच कुठल्या तरी ठिकाणी जात होता.

सराव संपल्यावर डॉ. शाहीन मुजावर यांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. मुजावर मॅडम मूळच्या मिरजेच्या. मेंदू आणि चेतासंस्थेवर बरीच वर्षं काम करून, मोठ्या शहरातली नोकरी सोडून त्या या केंद्रात आल्या होत्या. लोकांना वेड वाटलं होतं. भीती या विषयावर काम करायचं तर जिथं माणसं रोज भितात तिथं बसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

"तुला काही येत नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "व्यापाऱ्याच्या घरातलं पोर लहानपणापासून बघत असतं. बाप एका सौद्यात बुडाला, तरी संध्याकाळी जेवला, सकाळी दुकान उघडलं. बुडालं म्हणजे मेलं असं नव्हे, हे त्याच्या अंगात मुरतं. तुझ्या घरी असं काही घडलेलं कुणी पाहिलंच नाही. त्यामुळे समोर खरेदीदार बसला तरी तुझं शरीर लांडगा बघितल्यासारखं वागतं."

"मग त्याला काही औषध हाय का?"

मॅडमनी एक छोटी पेटी उघडली. आत कानामागं बसेल असा वालाच्या दाण्याएवढा तुकडा होता, आणि त्याला कानाच्या आतल्या कडेला टेकणारी एक बारीक तार.

आपल्या मेंदूतून एक लांबलचक चेता निघते, त्यांनी समजावून सांगितलं. गळ्यातून उतरून ती काळजाला आणि पोटाला जाऊन भिडते. तिची एक लहानशी फांदी मात्र कानाच्या कातडीपाशी वर येते. तिथं अगदी मंद विजेचे ठोके दिले की नाडी शांत होते, आणि मेंदूतलं भीतीचं केंद्र समजतं की सगळं ठीक आहे. हे बरीच वर्षं माहीत होतं. अडचण होती ती नेमका ठोका कधी द्यायचा, याची. या तुकड्यानं ती सोडवली होती. तो नाडीतला चढउतार आणि कातडीवरची ओल सारखी वाचत राहायचा, आणि भीतीची लाट माणसाला जाणवायच्या आतच ती ओसरवून टाकायचा. केंद्राच्या कागदपत्रांत त्याचं नाव मोठं होतं. प्रशिक्षणार्थी त्याला 'डूल' म्हणायचे.

"गुंगी येत नाही, सवय लागत नाही," मॅडम म्हणाल्या. "भीतीनं तोंड बंद होणार नाही, एवढंच. पण हा अजून प्रयोग आहे. तुझी इच्छा असेल तरच."

मोनालीनं डूल घातला.

पुढच्याच महिन्यात ती जिल्ह्याच्या ठिकाणी खऱ्या खरेदी अधिकाऱ्यांसमोर बसली. दर सांगितला. अधिकारी भुवया चढवून म्हणाले, "जास्त होतो." मोनाली गप्प राहिली. ती शांतता एरवी तिला गिळून टाकती, पण आता ती नुसती बसून राहिली, त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या नकाशात आपलं गाव शोधत. शेवटी तेच बोलले. अठरा शाळांची छपरं तिला मिळाली. उन्हाळा तापायच्या आत सगळी पॅनेलं बसवून द्यायची होती.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा तिचा नवरा अंकुश तिच्याकडे बघतच राहिला. अंकुश एसटीच्या आगारात विजेच्या गाड्या दुरुस्त करायचा. स्वभावानं भित्रा म्हणावा इतका सावध. गाडी रस्त्यावर सोडण्यापूर्वी ब्रेक दोनदा तपासणारा माणूस. बायकोच्या धंद्यात तो सुट्टीच्या दिवशी हात लावायचा, चौकटी ठोकून द्यायचा.

"अठरा शाळा," तो म्हणाला. "तेवढं शिवून हुईल का आपल्याच्यानं?"

"शिवायचं नाहीच. चिकटवायचं. तो वनस्पतीचा नवा डिंक आलाय ना, त्यानं दहापट झटपट होतंय."

"अगं, पण एक पावसाळा तरी जाऊ दे त्या डिंकावरनं. दमट हवेत धरतोय का सोडतोय, आपल्याला काय ठावं?"

मोनालीनं विचार केला. खरंच केला. मनात दोन्ही बाजू मांडल्या, आणि दोन्ही बाजू तिला सारख्याच हलक्या वाटल्या. "कंपनीनं हमी दिलीय," ती म्हणाली. "तुम्हाला प्रत्येक गोष्टीची भीती वाटती. भिऊन कुणाचा धंदा झालाय?"

अंकुशला ते पटलं नाही. चौकटी ठोकायला मात्र येत राहिला.

तिनं एक शेड घेतली, तिथं कामाला बाया लागल्या. उन्हाळा चढला तेव्हा अठराही शाळांत दुपारचे वर्ग भरत होते, आणि मोनालीचं नाव तालुक्यात झालं. ती सरपंचाला तोंडावर नाही म्हणायची, बँकेतल्या साहेबाला दुरुस्त करायची, गर्दीसमोर भाषण करायची. या सगळ्याचा अभिमान सर्वांत जास्त होता तो तिच्या वडिलांना. आबा सगळी हयात मेंढरांमागं कोकणात उतरत आणि वर चढत आलेले. एकदा शेडवर येऊन बसले असताना तिनं एका ट्रकवाल्याला चढ्या आवाजात झापलेलं त्यांनी पाहिलं. ट्रकवाला गेल्यावर ते म्हणाले, "पोरी, लांडग्याला न भिणारं कुत्रं मी लई बघितलं. मेंढरांच्या वाड्यावर त्येचंच कौतुक आसतंय." मग थोडं थांबून म्हणाले, "पर ते लई वर्सं टिकत न्हाय."

मोनाली हसली. तिला ते वाक्य लागलं नाही. त्या दिवसांत तिला काहीच लागत नव्हतं.

सप्टेंबरात परतीचा पाऊस आला तो असा की, माणदेशानं कधी पाहिला नव्हता. दिवसामागून दिवस झड लागून राहिली. शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, पांढरमाळ वस्तीवरच्या शाळेचे मुख्याध्यापक बनसोडे सर गळणाऱ्या छपराखालचे बाक बाजूला ओढत होते. पाणी पिऊन जड झालेलं पॅनेल डिंक सोडून खाली आलं आणि त्यांच्या खांद्यावर पडलं. हाड मोडलं. पुढं आदळून त्या पॅनेलनं एक बाक मधोमध फोडला.

फोन आला तेव्हा मोनाली आणि अंकुश शेडमध्येच होते. फोन स्पीकरवर होता. पलीकडचा माणूस म्हणाला, "सर दवाखान्यात हायेत. बाकाचं काय न्हाय वो, पण एक तास आधी तिथं दुसरीची पोरं बसलेली."

अंकुशच्या हातातला हातोडा खाली पडला. तो तिथंच पोत्यावर बसला. त्याचे हात थरथरत होते. मोनालीनं त्याच्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. तिचे हात शांत होते. दवाखान्यात कुणाला पाठवायचं, नाईक सरांना काय विचारायचं, कंपनीला काय लिहायचं, हे सगळं तिच्या डोक्यात ओळीनं लागत होतं. दुसरीची पोरं हे शब्द तिला कळले होते. ते कुठंतरी लांब, काचेपलीकडे उभे होते.

आणि हेच तिला खटकलं. तिनं हात वर नेला आणि कानामागचा डूल काढून टेबलावर ठेवला.

काही क्षण काहीच झालं नाही. मग बंधारा फुटावा तसं झालं. काचेपलीकडचे ते शब्द अंगावर आले. ती अंकुशशेजारी पोत्यावर बसली आणि तोंड दाबून रडली. महिनोन्महिने साचलेलं सगळं एकदम आलं होतं.

पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं."

"मी काय शहाणा म्हणून सांगितलं नव्हतं," अंकुश म्हणाला. "भ्यालो होतो म्हणून सांगितलं. तू भ्यायची बंद झाल्यापासून दोघांची भीती मी एकटाच बाळगत होतो, मोना. लई जड जातंय ते एकट्याला."

रविवारी सकाळी ती केंद्रात गेली. मुजावर मॅडम आणि नाईक सर दोघंही आले होते.

नाईक सरांनी आपल्या परीनं सरळ सल्ला दिला. "पांढरमाळची दुरुस्ती लगेच करून दे, सरांचा खर्च उचल. पण बाकीच्या सतरा ठिकाणी काही झालेलं नाही. तिथला डिंक धरून आहे की सुटलाय, हे तपासायच्या आतच सगळं उतरवलंस तर लोक समजतील की सगळाच माल खराब होता. पुढचं काम मिळणार नाही. शेडमधल्या बायांचं काय करणार?"

तो सल्ला चुकीचा नव्हता. डूल कानामागं असता तर तिनं तो मानलाही असता, हे मोनालीला लख्ख दिसलं.

मॅडम मघापासून पडद्यावर काहीतरी बघत होत्या. डूल जे वाचायचा ते सगळं साठवूनही ठेवायचा. मोनालीच्या महिन्यामहिन्याच्या रेषा त्यांनी समोर काढल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "जिल्ह्याला दर सांगितलास ती वेळ. कातडी ओली झाली, नाडी धावली. ही माणसांची भीती. हसतील, नाही म्हणतील, ही. आणि हे बघ, तू मघाशी सांगितलास तो, घरी डिंकाचं ठरवल्याचा दिवस. इथं नाडी धावलीच नाही. उलट क्षणभर मंदावली, कातडीवर ओल मात्र आली. मेंढरू कान टवकारून जागीच थबकतं ना, तसं. ही वेगळी भीती आहे. तुझ्या शरीरानं त्या दिवशी तुला सावध केलं होतं. माझ्या यंत्रानं तिला पहिलीसारखीच समजून गप्प केलं."

"म्हंजे मला त्या दिवशी भीती वाटली होती?"

"वाटली होती. तुझ्यापर्यंत पोचली नाही."

मोनालीनं त्या रेषेवर बोट ठेवलं. अंकुशनं एक पावसाळा जाऊ दे म्हटलं तेव्हा तिचंही शरीर त्याच्याच बाजूनं होतं, हे कळून तिला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

"दोन्ही भीत्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत मग यंत्राला," ती म्हणाली.

"माझं ते काम आहे. आणि चूकही माझीच," मॅडम म्हणाल्या. "आधी तुझं सांग. काय करणार?"

"अठराही उतरवणार. उद्या पोरं वर्गात बसायच्या आत."

नाईक सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला. "माझ्या ओळखीत दोन टेम्पो आहेत," ते म्हणाले.

पांढरमाळला गावकरी शाळेसमोरच जमले होते. बनसोडे सर हात गळ्यात बांधून खुर्चीवर बसले होते. मॅडमनी तिला निघताना विचारलं होतं, तेवढ्यापुरता डूल घालतेस का म्हणून. ती नको म्हणाली होती. आता चाळीस-पन्नास माणसं तिच्याकडे बघत असताना तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, घशाला कोरड पडली, आणि आवाज नेहमीच्याच ठिकाणी जायला निघाला. तो जायच्या आत ती बोलली.

"डिंक नवा होता. पावसाळा बघायला पाहिजे होता. माझ्या माणसानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माझी हाय."

मागून एक बाई म्हणाली, "माझी पोरगी तिथं बसती. त्याच बाकावर."

मोनाली आवाजाकडे वळली. ती त्या बाईकडे बघत उभी राहिली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही.

बनसोडे सर खुर्चीतून उठले. "चूक तिची असंल," ते म्हणाले, "पण यंदा पहिल्यांदा आपली पोरं उन्हाळाभर शाळेत बसली, तेही तिच्यामुळंच. शिड्या आणा रे. बोलायचं नंतर बघू."

त्या दिवशी पडत्या पावसात, गावोगावच्या माणसांनी हात लावला म्हणून, अठराही शाळांची पॅनेलं खाली आली. आधी पांढरमाळ, मग वाटेतली एकेक वस्ती. कुठं शिव्या मिळाल्या, कुठं चहा मिळाला. आणखी तीन शाळांत पॅनेलांच्या कडांनी डिंक सोडलेला सापडला. एक तर नुसत्या हाताच्या धक्क्यानं खाली आलं. ते पाहिल्यावर नाईक सर भिंतीला टेकून उभे राहिले आणि पुढच्या शाळेत सगळ्यांच्या आधी शिडीवर चढले. अंधार पडता पडता शेवटच्या शाळेची शिडी उतरली तेव्हा अंकुशनं तिला हात दिला. दोघांचेही हात थरथरत होते, थंडीनं आणि दमल्यानं.

जिल्ह्याच्या कार्यालयानं तिला खुलासा विचारला. तिनं घडलं तसं सांगितलं. काम काढून घेतलं नाही, पण पुढची मागणी थांबवली. पुन्हा बसवायची तर तिच्या खर्चानं, आणि तपासणी झाल्यावर, असं ठरलं. तो हिवाळा ओढाताणीचा गेला. शेडमधल्या बायांना तिनं समोर बसवून सांगितलं की काम कमी आहे, ज्यांना दुसरीकडे जायचं त्यांनी जावं. दोघी गेल्या. बाकीच्या सुई-दोरा घेऊन बसल्या. पॅनेलं पुन्हा शिवली जाऊ लागली, आता चौकटीला दुहेरी टाक्यानं आणि मागून जाळी लावून. अंकुश शेडच्या मागं पाण्याच्या फवाऱ्याखाली ती टांगून ठेवायचा आणि त्यांच्यावर वाळूची पोती लटकवायचा.

मुजावर मॅडमचं कामही त्याच वेगानं चाललं. मोनालीसारख्याच बाकीच्या प्रशिक्षणार्थींच्या रेषा त्यांनी पुन्हा तपासल्या, आणि दोन भीत्यांच्या खुणा जवळपास सगळ्यांत सापडल्या. नवा डूल माणसांची भीती तेवढी हलकी करायचा. दुसरी आली की तो काहीच ठोके द्यायचा नाही, उलट एकदा बारीकसा थरथरायचा. इथं थांब, बघ, एवढंच त्याचं म्हणणं. मॅडमनी पुढच्या तुकडीला पहिल्याच दिवशी मोनालीच्या रेषा दाखवल्या. तिच्या नावासकट, तिच्या परवानगीनं. "यंत्र काय करतं हे शेवटी यंत्रालाच विचारायचं नसतं," त्या म्हणाल्या. "घरच्या माणसाला विचारा."

मोनालीनं नवा डूल थोडे दिवस वापरला आणि परत केला. तिला आता दर सांगताना कान तापले तरी बोलता येत होतं. एकदा बोलून पाहिलं की बोलता येतं, हे तिच्या शरीरालाही कळून चुकलं होतं.

फेब्रुवारीत ऊन चढलं तेव्हा पांढरमाळच्या शाळेत पहिलं पॅनेल पुन्हा बसलं. बनसोडे सरांचा खांदा बरा झाला होता, हात मात्र पुरता वर जात नव्हता. त्यांनी छपराकडे पाहिलं आणि विचारलं, "आता भीती नाही ना?"

"हाय की," मोनाली म्हणाली. "म्हणून आज पोरांना बाहेर बसवा. आम्ही दोघं बसतो खाली."

सर हसले, पण त्यांनी पोरांना व्हरांड्यात नेलं. मोनाली आणि अंकुश दुसरीच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन बसले. वर पत्रा तापून तडतडत होता. खाली वर्ग गार होता. बाहेरून पाढे ऐकू येत होते. अंकुशनं वर पाहिलं, टाके निरखले, मग खाली पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा वर पाहिलं.

"आज मला कमी भीती वाटतीया," तो म्हणाला.

"मला जास्त वाटतीया."

"मग झालं की सारखं," अंकुश म्हणाला, आणि बाकावर जरा सरकून त्यानं तिला पाय पसरायला जागा करून दिली.